वैनगंगा खोऱ्यातील पोवार समाज : कुळपरंपरा व वारसा

पोवार : महाराष्ट्रातील गोंदिया व भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट व सिवनी या जिल्ह्यांत प्रामुख्याने वसलेला एक शेतकरी समाज. ‘पवार’ व ‘पंवार’ असेही नामोल्लेख आढळतात. माळव्यातील धारच्या परमार राजवंशाशी, विशेषतः अकराव्या शतकातील राजा भोजाशी, हा समाज आपले नाते सांगतो. मूळ प्रदेशापासून दुरावलेला समाज कुळे व संस्था यांच्या आधारे आपला वारसा कसा जपतो, याचे हे एक लक्षणीय उदाहरण होय.

परंपरेनुसार पोवार प्रथम रामटेकजवळील नगरधन येथे स्थिरावले व तेथून वैनगंगेच्या खोऱ्यात पसरले. चिमणाजी भोसले यांच्या कटकच्या मोहिमेत केलेल्या साहाय्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेस जमिनी मिळाल्या, असे रसेल व हीरालाल यांच्या १९१६ मधील ग्रंथात नमूद आहे. जंगल तोडून भाताच्या बांध्या व पाण्यासाठी तलाव, बोड्या तयार करण्यात ते निष्णात मानले जात.

समाजात छत्तीस कुळांची परंपरा सांगितली जाते; प्रत्यक्षात या खोऱ्यात त्यांहून कमी कुळे आढळतात. बिसेन, पटले, तुरकर, कटरे, रहांगडाले, बोपचे, ठाकरे, येडे इ. कुळनामे आडनावे म्हणून रूढ आहेत. एकाच कुळात विवाह होत नाही. त्यामुळे प्रत्येक सोयरिकीच्या वेळी कुळाची विचारपूस होते व लेखी वंशावळ नसतानाही कुळाची स्मृती टिकून राहते.

विसाव्या शतकात हे कार्य जातिसभांनीही हाती घेतले. वसंत पंचमीस राजा भोज जयंती, सामूहिक विवाह, विद्यार्थ्यांचे सत्कार आणि कुळविषयक पुस्तिका ही त्यांची प्रमुख साधने होत. परदेशी गेलेल्या स्कॉटिश लोकांच्या संस्थांशी त्यांची तुलना उद्‌बोधक ठरते. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे १७६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॉर्थ ब्रिटिश सोसायटी’चा एक मूळ हेतू गरजू देशबांधवांना साहाय्य करणे हा होता, पुढे स्कॉटिश कुळांच्या स्वतंत्र संस्थांनी कुळनामे, पट्ट्यापट्ट्यांचे विशिष्ट वस्त्र व मेळावे यांतून वारसा जपला. मात्र स्कॉटिश कुळात सरदाराचे नाव धारण करणारे आश्रितही सामावत; पोवारांचे कुळ हे मूलतः विवाहसंबंधांचे नियमन करणारे घटक आहे.

भाषेचा पुरावा परंपरेशी सरळ जुळत नाही. माळवी ही राजस्थानी गटातील बोली. परंतु ग्रीअर्सन यांनी भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सहाव्या खंडात (१९०४) पोवारीची गणना पूर्व हिंदीतील बघेलीच्या मिश्र रूपांत केली. त्यावरून स्थलांतराचा मार्ग लांबचा असावा, किंवा निरनिराळे गट एकत्र आले असावेत, असा तर्क करता येतो.

२०११ च्या जनगणनेत पवारी-पोवारी भाषकांची संख्या सुमारे ३.२५ लाख नोंदली गेली व तिचा समावेश हिंदीत झाला. या आकड्यात बैतूल-छिंदवाडा भागातील भोयर-पवारांची बोलीही येते. ‘पवार’ या व्यापक नावाखाली हे दोन्ही समाज एकत्र आणावेत की ‘पोवार’ ही स्वतंत्र ओळख राखावी, याविषयी समाजात मतभेद आहेत. शाळेत व सभेत मराठी किंवा हिंदी, तर घरात पोवारी, अशी विभागणी झाल्याने बोलीचे क्षेत्र आकुंचित झाले आहे. सोयरिकीमुळे कुळनामे सुरक्षित राहिली. बोलीला मात्र तसा सामाजिक आधार लाभला नाही. पोवारीतून होणारे साहित्यलेखन व लोकगीतांचे संकलन यांस म्हणूनच विशेष महत्त्व आहे.