‘द सन’ वृत्तपत्रावरील मर्सीसाइडचा बहिष्कार

‘द सन’ वृत्तपत्रावरील मर्सीसाइडचा बहिष्कार हा इंग्लंडच्या वायव्य भागातील मर्सीसाइड काउंटीत, विशेषतः लिव्हरपूल शहरात, १९८९ पासून सुरू असलेला वाचकांचा बहिष्कार आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो स्टेडियममध्ये झालेल्या दुर्घटनेचा दोष लिव्हरपूलच्या चाहत्यांवर ठेवणारे वृत्त ‘द सन’ या लंडनमधील दैनिकाने १९ एप्रिल १९८९ रोजी ‘द ट्रूथ’ म्हणजे ‘सत्य’ या मथळ्याखाली प्रसिद्ध केले. त्याच्या निषेधार्थ हा बहिष्कार सुरू झाला. वृत्तातील आरोप निराधार असल्याचे पुढील अधिकृत चौकशांतून निष्पन्न झाले. फुटबॉल चाहत्यांनी पक्षपाती वृत्तांकनाला दिलेल्या प्रतिसादांपैकी हा सर्वाधिक काळ टिकलेल्या आणि सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या प्रतिसादांत गणला जातो.

== पार्श्वभूमी ==

१९८० च्या दशकात इंग्लंडमधील फुटबॉल चाहत्यांची सार्वजनिक प्रतिमा मलिन झाली होती. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्समधील हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस यांच्यात युरोपियन चषकाचा अंतिम सामना होता. सामन्यापूर्वी लिव्हरपूलच्या काही चाहत्यांनी प्रतिस्पर्धी चाहत्यांच्या दिशेने चाल केली. त्यातून झालेल्या चेंगराचेंगरीत भिंत कोसळून ३९ जणांचा मृत्यू झाला. यानंतर इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून काही वर्षे बाद करण्यात आले. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने फुटबॉलकडे प्रामुख्याने कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले आणि प्रेक्षकांना ओळखपत्र सक्तीचे करण्याची योजना आखली. मैदानात चाहत्यांना रोखण्यासाठी प्रेक्षकांच्या उभे राहण्याच्या जागांभोवती लोखंडी जाळ्यांचे कुंपण घालण्याची पद्धत रूढ झाली होती.

याच काळात चाहत्यांनी स्वतःचा आवाज उभा करण्याचे प्रयत्नही केले. हायझेलनंतर १९८५ मध्ये लिव्हरपूल येथे ‘फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन’ची स्थापना झाली आणि चाहत्यांनी चालवलेल्या स्वतंत्र नियतकालिकांची संख्या वाढली. मोठ्या वृत्तपत्रांत मात्र ‘चाहता’ आणि ‘दंगेखोर’ हे शब्द अनेकदा समानार्थी वापरले जात. हिल्सबरो येथील मृत्यूंचा अर्थ लावताना हा पूर्वग्रह हाताशीच होता.

== हिल्सबरो दुर्घटना ==

१५ एप्रिल १९८९ रोजी शनिवारी एफ. ए. चषकाच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील सामना हिल्सबरो या तटस्थ मैदानावर होता. लिव्हरपूलच्या चाहत्यांना लेपिंग्ज लेनकडील बाजू देण्यात आली होती. तेथील मोजक्या फिरत्या प्रवेशद्वारांबाहेर गर्दी वाढत गेली. दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी बंदोबस्ताचे प्रमुख, मुख्य पोलीस अधीक्षक डेव्हिड डकनफील्ड, यांच्या आदेशावरून बाहेर जाण्याचे एक मोठे फाटक उघडण्यात आले. आत शिरलेला जमाव समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या मधल्या दोन कप्प्यांत गेला. बोगदा बंद करण्यात आला नव्हता. बाजूच्या कप्प्यांत जागा असूनही लोकांना तिकडे वळवण्यात आले नाही. मधल्या कप्प्यांतील प्रेक्षक कुंपणाशी दाबले जाऊन गुदमरले.

सामना सुरू झाल्यावर सहाव्या मिनिटाला थांबवण्यात आला. त्या दिवशी ९४ जणांचा मृत्यू झाला. नंतर दगावलेल्यांसह मृतांची अधिकृत संख्या आता ९७ आहे. शेवटची नोंद २०२१ मध्ये झाली. मृतांपैकी सर्वांत लहान मुलगा १० वर्षांचा होता.

दुर्घटना घडत असतानाच डकनफील्ड यांनी फुटबॉल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना चाहत्यांनी फाटक जबरदस्तीने उघडल्याचे सांगितले. ही माहिती खोटी होती, परंतु काही वेळातच ती आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीवरून सर्वत्र पोहोचली. २०१५ मध्ये साक्ष देताना आपण त्या वेळी खोटे बोललो होतो, अशी कबुली डकनफील्ड यांनी दिली.

== १९ एप्रिल १९८९ चे वृत्त ==

दुर्घटनेनंतर चौथ्या दिवशी ‘द सन’च्या पहिल्या पानावर ‘द ट्रूथ’ हा मथळा मोठ्या ठशात छापण्यात आला. त्याखालील तीन उपमथळ्यांत काही चाहत्यांनी मृतांचे व जखमींचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली आणि एका जखमीला कृत्रिम श्वास देणाऱ्या पोलिसाला मारहाण केली, असे आरोप होते. त्या वेळी वृत्तपत्राचे संपादक केल्व्हिन मॅकेन्झी होते, तर मालकी रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीकडे होती.

=== आरोपांचा उगम ===

हे आरोप शेफील्डमधील ‘व्हाइट्स’ या वृत्तसंस्थेमार्फत वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले. वृत्तसंस्थेला ते साउथ यॉर्कशायर पोलीस दलातील काही अधिकारी, पोलीस संघटनेचा प्रतिनिधी आणि शेफील्ड हॅलमचे हुजूर पक्षाचे खासदार अर्व्हाइन पॅटनिक यांच्याकडून मिळाले होते. म्हणजेच ज्या यंत्रणेच्या कामगिरीची चौकशी होणार होती, तिच्याकडूनच आलेली माहिती वृत्ताचा मुख्य आधार होती. इतर अनेक वृत्तपत्रांनीही हे आरोप छापले, परंतु ते ‘पोलिसांचे म्हणणे’ किंवा ‘आरोप’ या स्वरूपात मांडले. ‘द सन’च्या मथळ्याने तेच म्हणणे सिद्ध झालेले सत्य म्हणून मांडले. वृत्त लिहिणारे पत्रकार हॅरी अरनॉल्ड यांनी हा मथळा पाहून आपल्याला धक्का बसल्याचे पुढे सांगितले.

== बहिष्काराची सुरुवात ==

वृत्त प्रसिद्ध झाले तेव्हा लिव्हरपूलमध्ये अंत्यविधींची तयारी सुरू होती आणि ॲनफील्ड मैदानावर शोकाकुल लोकांनी वाहिलेल्या फुलांचे ढीग साचले होते. घटनास्थळी उपस्थित असलेल्या अनेक चाहत्यांनी जाहिरात फलकांचे स्ट्रेचर करून जखमींना उचलून नेले होते. वृत्तातील वर्णन त्यांच्या प्रत्यक्ष अनुभवाच्या नेमके उलट होते. लिव्हरपूलजवळच्या कर्कबी येथे ‘द सन’च्या प्रती जाहीरपणे जाळण्यात आल्या. अनेक दुकानदारांनी हे वृत्तपत्र विकणे बंद केले आणि मर्सीसाइडमधील त्याचा खप झपाट्याने कोसळला.

लिव्हरपूलचे तत्कालीन व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश यांनी आपल्या आत्मचरित्रात मॅकेन्झी यांच्याशी दूरध्वनीवर झालेल्या संभाषणाची हकिकत दिली आहे. परिस्थिती सुधारण्यासाठी काय करता येईल, असे मॅकेन्झी यांनी विचारले असता, ‘आम्ही खोटे बोललो’ असे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावे, असे डॅल्ग्लिश यांनी सुचवले. मॅकेन्झी यांनी त्यास नकार दिला.

बहिष्कार क्लबच्या सीमांपलीकडे गेला. लिव्हरपूलचा शहरातील प्रतिस्पर्धी असलेल्या एव्हर्टनचे चाहतेही त्यात सहभागी झाले. अनेक कुटुंबांत दोन्ही क्लबांचे चाहते असल्यामुळे वृत्तपत्राचा आरोप एका क्लबावरील नव्हे, तर संपूर्ण शहरावरील आरोप मानला गेला.

== चौकशी आणि आरोपांचे खंडन ==

लॉर्ड जस्टिस टेलर यांचा अंतरिम अहवाल ऑगस्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलिसांचे गर्दीवरील नियंत्रण सुटणे हे दुर्घटनेचे मुख्य कारण असल्याचे त्यात म्हटले होते. वृत्तपत्रांतील गंभीर आरोपांना दुजोरा देणारा एकही साक्षीदार चौकशीपुढे आला नसल्याचेही टेलर यांनी नोंदवले. मूळ वृत्तानंतर चारच महिन्यांत आरोपांचे अधिकृत खंडन झाले होते. तरीही चाहत्यांच्या वर्तनामुळे दुर्घटना घडली, हा समज अनेक वर्षे टिकला. १९९१ मध्ये मृत्यूच्या कारणांच्या न्यायिक चौकशीत ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय देण्यात आला.

मृतांच्या नातेवाइकांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली ‘हिल्सबरो स्वतंत्र समिती’ नेमण्यात आली. १२ सप्टेंबर २०१२ रोजी प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालातील प्रमुख निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते:

* पोलिसांच्या १६४ जबान्यांमध्ये महत्त्वाचे बदल करण्यात आले होते. त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलीस दलाला प्रतिकूल ठरणारा मजकूर काढण्यात किंवा बदलण्यात आला होता.
* वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती, तर ४१ जणांचे प्राण वाचण्याची शक्यता होती.
* चाहत्यांवरील वृत्तपत्रीय आरोपांना कोणताही पुरावा आढळला नाही.

पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी त्याच दिवशी संसदेत नातेवाइकांची माफी मागितली. डिसेंबर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने जुना निर्णय रद्द केला. वॉरिंग्टन येथे झालेल्या नव्या चौकशीत २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीने ७ विरुद्ध २ अशा बहुमताने तत्कालीन सर्व ९६ मृत्यू ‘बेकायदेशीर मनुष्यहत्या’ असल्याचा निर्णय दिला. चाहत्यांच्या वर्तनाचा दुर्घटनेस हातभार लागला नसल्याचेही ज्यूरीने स्पष्ट केले. डकनफील्ड यांच्यावर पुढे मनुष्यवधाचा खटला चालला. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यात ते निर्दोष ठरले.

== ‘द सन’ची भूमिका ==

मॅकेन्झी यांची भूमिका वेळोवेळी बदलत गेली. १९९३ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांनी खेद व्यक्त केला आणि एका खासदाराच्या शब्दावर विश्वास ठेवणे ही आपली चूक होती, असे सांगितले. २००६ मध्ये एका कार्यक्रमात मात्र पूर्वीचा खेद आपण मालकाच्या सांगण्यावरून व्यक्त केला होता, अशा आशयाचे वक्तव्य त्यांनी केले. २०१२ च्या अहवालानंतर त्यांनी पुन्हा माफी मागितली.

वृत्तपत्रानेही स्वतंत्रपणे माफीनामे प्रसिद्ध केले. जुलै २००४ मध्ये, त्या वेळी एव्हर्टनकडून खेळणारा वेन रूनी याने ‘द सन’ला मुलाखत दिल्यामुळे मर्सीसाइडमध्ये रोष उसळला. तेव्हा वृत्तपत्राने १९८९ चे वृत्त ही आपल्या इतिहासातील सर्वांत भयंकर चूक असल्याचे मान्य केले. ही माफी व्यावसायिक हेतूने मागितल्याची टीका झाली आणि ती मोठ्या प्रमाणावर नाकारण्यात आली. १३ सप्टेंबर २०१२ रोजी पहिल्या पानावर ‘द रिअल ट्रूथ’ म्हणजे ‘खरे सत्य’ या मथळ्याखाली दिलगिरी छापण्यात आली. मूळ वृत्तानंतर २३ वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ज्यूरीच्या निर्णयानंतर, २७ एप्रिल २०१६ रोजी, ‘द सन’ने ही बातमी पहिल्या पानावर दिली नाही, त्यामुळे पुन्हा टीका झाली.

== पुढील टप्पे ==

बहिष्काराचा रोख केवळ वृत्तपत्रावर राहिला नाही. त्याच्याशी संबंध ठेवणाऱ्या व्यक्तींनाही त्याची झळ बसली. लिव्हरपूलचे व्यवस्थापक ग्रॅम सूनेस यांनी १९९२ मध्ये आपल्या हृदयशस्त्रक्रियेची हकिकत ‘द सन’ला दिली आणि ती १५ एप्रिल रोजी, दुर्घटनेच्या तिसऱ्या स्मृतिदिनी, छापून आली. चाहत्यांच्या मनातून ते उतरण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. सूनेस यांनी नंतर याबद्दल खेद व्यक्त केला. २०१४ च्या विश्वचषकानिमित्त वृत्तपत्राच्या विशेष अंकासह छायाचित्र काढल्याबद्दल मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांना माफी मागावी लागली.

२०१६ मध्ये लिव्हरपूल नगर परिषदेने विक्रेत्यांना हे वृत्तपत्र न विकण्याचे आवाहन करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबने ‘द सन’च्या पत्रकारांना आपल्या मैदानावर व सराव केंद्रात प्रवेशबंदी केली. एप्रिल २०१७ मध्ये मॅकेन्झी यांनी आपल्या स्तंभात एव्हर्टनचा खेळाडू रॉस बार्कली याची तुलना गोरिलाशी केली. बार्कलीचे आजोबा नायजेरियन असल्याने या लेखनावर वर्णद्वेषाचा आरोप झाला. एव्हर्टननेही बंदी घातली. मॅकेन्झी यांना निलंबित करण्यात आले आणि पुढे त्यांचा वृत्तपत्राशी असलेला संबंध संपुष्टात आला.

== परिणाम आणि मूल्यमापन ==

बहिष्काराचा राजकीय मतांवर झालेला परिणाम राज्यशास्त्रज्ञ फ्लोरियन फूस आणि डॅनियल बिशोफ यांनी अभ्यासला. ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, युरोपीय एकत्रीकरणास विरोध करणाऱ्या ‘द सन’चे वाचन घटल्यामुळे मर्सीसाइडमधील युरोपविरोधी मत इंग्लंडच्या इतर भागांच्या तुलनेत कमी झाले. वृत्तपत्रांचा जनमतावरील दीर्घकालीन प्रभाव मोजण्याची संधी क्वचितच मिळते, त्यामुळे हे उदाहरण अभ्यासकांना महत्त्वाचे वाटते.

तेच आरोप छापणाऱ्या इतर वृत्तपत्रांवर असा बहिष्कार का पडला नाही, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दोन गोष्टींत शोधले जाते: ‘द सन’च्या मथळ्यातील निःसंदिग्ध ठामपणा आणि संपादकाने पुढे मागे घेतलेली दिलगिरी. दुसरीकडे, क्लबांनी पत्रकारांना प्रवेश नाकारण्याच्या पद्धतीकडे वृत्तस्वातंत्र्याच्या दृष्टीने प्रतिकूल पायंडा म्हणूनही पाहिले जाते. वाचकाने वृत्तपत्र विकत न घेणे आणि संस्थेने वार्ताहराला दाराबाहेर ठेवणे यांत फरक असल्याचा मुद्दा या संदर्भात मांडला जातो.

== चाहत्यांतील पडसाद ==

खोट्या वृत्ताचा उपयोग प्रतिस्पर्धी चाहत्यांनी टोमण्यांसाठीही केला. लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यांत ‘द सन’चेच म्हणणे खरे होते, अशा आशयाच्या घोषणा अनेक वर्षे ऐकू येत राहिल्या. २०२३–२४ च्या हंगामापासून दुर्घटनांवरून केल्या जाणाऱ्या अशा घोषणाबाजीविरुद्ध प्रीमियर लीग आणि फुटबॉल संघटनेने कठोर उपाय जाहीर केले.

२८ मे २०२२ रोजी पॅरिसजवळील ‘स्टेड द फ्रान्स’ येथे लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांच्यातील चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना प्रवेशद्वारांवरील गोंधळामुळे ३६ मिनिटे उशिरा सुरू झाला. मैदानातील फलकावर विलंबाचे कारण चाहत्यांचे उशिरा येणे असे दाखवण्यात आले. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी लिव्हरपूलच्या हजारो चाहत्यांकडे बनावट तिकिटे असल्याचा दावा केला. फ्रेंच सिनेटची चौकशी आणि युएफाने नेमलेल्या स्वतंत्र समितीचा फेब्रुवारी २०२३ मधील अहवाल या दोहोंनी चाहत्यांवरील दोषारोप फेटाळले. समितीने मुख्य जबाबदारी युएफावर ठेवली. या वेळी चाहत्यांनी भ्रमणध्वनीवर टिपलेल्या चित्रफिती आणि उपस्थित पत्रकारांची प्रत्यक्ष निवेदने काही तासांतच उपलब्ध झाली होती. १९८९ मध्ये चाहत्यांच्या हाती अशी साधने नव्हती.

== हे सुद्धा पाहा ==

* हिल्सबरो दुर्घटना
* हायझेल स्टेडियम दुर्घटना
* लिव्हरपूल एफ. सी.
* एव्हर्टन एफ. सी.
* रूपर्ट मर्डॉक