सरोवराकाठचा नाच

मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. ज्येष्ठाचा वारा सुटण्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झाकाव्या लागतात. नैनीतालास नेमके उलटे. मैदानात लू वाहू लागली की तेथे शिडे उघडतात. या एवढ्याशा फरकावर एका सबंध पेशाचे वर्षाचे गणित बसलेले होते. त्या पेशात आपल्या कोकणपट्टीची माणसे पुष्कळ होती, म्हणूनच हा विषय आम्ही हाती घेतला आहे.

नैनीतालचा इंग्रजी इतिहास होडीपासूनच सुरू होतो. शाहजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन १८४१ साली तेथे पोचला. पुढे त्याने मजुरांकरवी एक होडी डोंगरावर चढविली, सरोवरावर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या थोकदारास तीत बसवून मधोमध नेले, आणि बुडण्याचे भय दाखवून हक्क सोडल्याचे लिहून घेतले. ही हकीकत बॅरननेच मोठ्या खुशीने छापून ठेवली आहे. दस्तऐवजांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां कारकुनांस इतके स्वस्त खरेदीखत दुसरे आढळलेले नाही.

१८६२ पासून वायव्य प्रांतांचे सरकार उन्हाळ्यात येथे येऊन राहू लागले. साहेब वर चढला की त्यामागे फायली चढत आणि फायलींमागे कारकून. साहेब संध्याकाळी नाचास जाई. कारकून काय करी, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

१८ सप्टेंबर १८८० रोजी अतिवृष्टीने उत्तरेकडील कडा खचला आणि १५१ माणसे गाडली गेली. नयनादेवीचे जुने देऊळ गेले, व्हिक्टोरिया हॉटेल गेले, आणि साहेबलोकांच्या मजलिशी जेथे भरत ती असेंब्ली रूम्सची इमारतही गेली. ढिगाऱ्याने सरोवराच्या काठी सपाट मैदान तयार झाले. त्यास आज फ्लॅट्स म्हणतात. जेथे माणसे पुरली गेली तेथेच पुढे क्रिकेट आणि हॉकीचे सामने रंगले. त्याच्या शेजारी बोट हाऊस क्लब उभा राहिला. १९१० मध्ये नैनीताल यॉट क्लब निघाला; त्याच्या होड्यांचे आराखडे लिंटन होप या इंग्रज नौकारचनाकाराचे. जेमतेम दीड किलोमीटर लांबीचे ते पाणी, तिन्ही बाजूंस डोंगर, आणि क्षणाक्षणाला दिशा बदलणारा वारा! समुद्रावर मुरलेल्या नावाड्यालाही तेथे नव्याने शिकावे लागते.

नाचाला मात्र वाऱ्यापेक्षा वाद्यवृंदाची गरज अधिक. चावीच्या ग्रामोफोनचा आवाज दालनभर पोचत नसे. नाचायचे तर समोर जिवंत माणसे वाजवीत बसलेली हवीत. अशी माणसे हिंदुस्थानात कोठे मिळणार? पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. शेतीवाडी थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या. तेव्हा हीच विद्या घेऊन ती मुले मुंबई, कलकत्ता, लाहोर येथे गेली. हिवाळा महानगरांत आणि उन्हाळा मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी, असा त्यांचा फेरा असे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला अमेरिकी नीग्रो वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग टेडी वेदरफर्ड आला. जॅझचे मर्म गोव्याच्या वादकांनी या मंडळींपासून उचलले.

साहेबी क्लबांत हिंदी माणसास सभासद होण्याची बहुधा सोय नव्हती. वाजविणारा मंचावर हवासा आणि मेजावर नकोसा, असा हा व्यवहार होता. आम्हांस त्यातील अपमानापेक्षा त्यातील शिस्त अधिक विलक्षण वाटते: ज्याच्या तालावर सारे दालन पावले टाकी, त्याच्याशी कोणी बोलत नसे.

१९४७ नंतर साहेब गेला. मुंबई इलाख्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी कडक झाली आणि नाचघरांस उतरती कळा लागली. वादक बोलपटांच्या स्टुडिओंत शिरले. तेथे संगीतकारास चाल सुचे, परंतु पन्नास वाद्यांसाठी ती कागदावर उतरवून द्यावयास गोमंतकीयच लागे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवीत. पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते आपल्या वृंदासह पडद्यावरच दिसतात. मसुरीच्या हॉटेलांतून वाजविणारे फ्रँक फर्नांड अनेक वर्षे संगीतकारांचे सहायक म्हणून राबले. पुढे स्वतःच्या उमेदीवर त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. त्यांच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव निर्माता म्हणून आले.