राहणार, मुक्काम आणि रेसिडेंट

इंग्रज बोलताना नुसता राहतो. सरकारी कागदावर मात्र ‘रिसाइड’ करतो. हे भारदस्त क्रियापद साताऱ्यात माणसाच्या रूपाने आले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले आणि जेम्स ग्रँट डफला दरबारी नेमले. हुद्दा रेसिडेंट, म्हणजे शब्दशः राहणारा! पण या राहण्यात हुकमत होती. १८३९ मध्ये महाराज पदच्युत होऊन काशीला गेले; १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले.

आपल्या दस्तांनाही असा रुबाब आहे. ‘सांगलीत असतो’ म्हणणारा खरेदीखतात ‘रा. सांगली’ होतो, लग्नपत्रिकेत ‘मु. पो.’. मुक्काम मूळचा अरबी, थांबण्याची जागा सांगणारा. त्यात पिढ्यांची घरेही मावली, हे विलक्षणच.