दांडा, कळफलक आणि माउस

अंतराळांत जहाज हांकण्याचा खेळ संगणकावर मांडून बसलेल्या मुलापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो शत्रूचा नव्हे, साधनाचा. जॉयस्टिकचा दांडा हातीं धरावा, माउस फिरवावा, कीं कळफलकावरच भागवावें? वडील मंडळींना हा वाद पोरकट वाटतो. दांड्याची किंमत ऐकल्यावर तर अधिकच. परंतु या वादाला इतिहास आहे, आणि तो केवळ खेळांचा नाहीं. यंत्राचें किती काम माणसाच्या हाताकडे ठेवावें व किती यंत्राकडेच सोंपवावें, हा त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न बराच जुना आहे.

आपल्या भोर-वेल्ह्याच्या मुलखांत तो प्रथम पाण्याच्या निमित्तानें निघाला. वेल्ह्याच्या डोंगरांतील आंबी व मोसे या नद्यांचें पाणी खडकवासल्याच्या तलावांत येतें. तेथील धरणावर १९०३ सालीं विश्वेश्वरय्या यांनीं स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं दरवाजा आपोआप उघडे, उतरलें कीं मिटे. भोरजवळच्या भाटघर धरणालाही असे ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. श्रावणांतल्या काळोख्या रात्रीं चाक फिरविणाऱ्या माणसाची वाट पाहत बसावें लागूं नये, हा त्यांतील हेतु. आणि योग असा कीं, त्याच खडकवासल्याच्या कांठीं उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत राकेश शर्मा व शुभांशु शुक्ला हे आपले दोन अंतराळवीर शिकले. त्यांच्याकडे पुढें वळूं.

खेळाची हकीकत १९६२ पासून सुरू होते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत पीडीपी-१ नांवाच्या संगणकावर स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनीं ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. वाटोळ्या पडद्याच्या मध्यभागीं एक तारा, त्याचें गुरुत्वाकर्षण, आणि भोंवतीं एकमेकांवर टॉर्पेडो सोडणारीं दोन जहाजें. आरंभीं हीं जहाजें संगणकाच्या तक्त्यावरील खिट्ट्यांनीं हांकीत. त्या चालवितां चालवितां खेळणारांचीं कोपरें दुखूं लागलीं. शिवाय खिट्ट्या पडद्याच्या एका बाजूस असल्यामुळें एकाला तो नीट दिसे व दुसऱ्याला तिरपा. मग अॅलन कोटॉक व बॉब सॉंडर्स यांनीं लाकूड व सुटे भाग जमवून दोन निराळ्या पेट्या केल्या. एक कळ बाजूस वळविली कीं जहाज वळे, दुसरी मागें ओढली कीं वेग घेई. टॉर्पेडोचें बटण मात्र मुद्दाम बिनआवाजी ठेविलें होतें, कारण खट् असा आवाज झाला तर शेजारचा सावध होई! पहिलें साधन असें कोपराच्या दुखण्यांतून आणि थोड्याशा न्यायबुद्धींतून निघालें, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

दांडा त्याहून जुना; तो विमानांतून आला. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानांत वैमानिक पालथा पडून कमरेच्या हालचालीनें पंखांना पीळ देई. १९०८ च्या ब्लेरिओच्या आठव्या विमानांत हातीं दांडा व पायांशीं आडवी पट्टी ही रचना दिसते, आणि तीच पुढें रूढ झाली. माउसचा उड्डाणाशीं मात्र कांहीं संबंध नव्हता. १९६४ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेंत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं लांकडी ठोकळ्याखालीं दोन चाकें बसवून तो तयार केला. मग त्यांनीं माउस, जॉयस्टिक, प्रकाशलेखणी, इतकेंच नव्हे तर गुडघ्यानें चालवावयाचें एक साधन, यांची एकमेकांशीं तुलना केली. १९६७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरावलेल्या हातांत माउस वरचढ ठरला. १९७८ सालीं झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांतून माउस, जॉयस्टिक व कळा यांची पुन्हां परीक्षा झाली, तेव्हांही माउसच पहिला आला.

या निकालांवर विसंबून कोणी दांड्याला निकालांत काढील तर तो फसेल. परीक्षेचा विषय होता पडद्यावरील मजकुरांतला एखादा शब्द चटकन् दाखविण्याचा. शब्द जागचा हलत नाहीं, आणि उलट गोळीही झाडीत नाहीं.

तिघांतला भेद असा आहे. माउस चार बोटें सरकविला तर पडद्यावरील खूण त्या मानानें सरकते आणि थांबते. तो जागा दाखवितो. दांडा कलता धरला तर जहाज वळतच राहतें. कल अधिक तितकें वळणें जलद, आणि हात सोडला कीं स्प्रिंगेनें दांडा मध्यावर येतो. तो गति दाखवितो. कळ बिचारी ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच म्हणूं जाणते. थोडेंसें वळावयाचें तर तिच्यावर टिचक्या माराव्या लागतात. अटारी कंपनीनें १९७७ मध्यें घरोघर पोंचविलेल्या दांड्याच्या पोटांतही अशा कळाच होत्या; वरून दांडा, आंतून कळफलक! दांडा म्हणून विकत घेतलेली प्रत्येक वस्तु खरा दांडा असतेच असें नाहीं, हें गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवावें.

१९८४ हें वर्ष या कथेंत दोनदां येतें. एप्रिलांत राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून सल्यूत-७ या स्थानकावर गेले. सोयुझ यानांत दोन दांडे असतात. डाव्या हाताच्या दांड्यानें यान पुढें, मागें वा बाजूस सरकतें, उजव्यानें तें जागच्या जागीं वळतें. त्याच सप्टेंबरांत इंग्लंडांत डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांचा ‘एलिट’ हा खेळ बीबीसी मायक्रो या संगणकावर निघाला. ‘क्लास’ योजनेखालीं भारत सरकारनें आपल्या शाळांतून जे संगणक दिले, ते याच जातीचे. एलिट दांड्यानेंही खेळतां येई, पण बहुतेकांजवळ कळफलकच असे. दोन कळांनीं जहाजाचें नाक वरखालीं होई, दुसऱ्या दोहोंनीं तें कुशीवर लोळे. डावीउजवीकडे सरळ वळण्याची सोयच नव्हती. स्थानक सारखें फिरत असे, आणि त्याच्या अरुंद दारांतून आंत शिरतांना जहाजही त्याच गतीनें फिरवावें लागे. कित्येक जहाजें त्या उंबऱ्यावरच फुटलीं. म्हणून खेळांतच एक सोय होती: १५०० नाणीं मोजून आपोआप आंत नेणारें यंत्र घेतां येई. भाटघरच्या दरवाजांचेंच तत्त्व! तें यंत्र घेतल्यावर मात्र खेळाचा निम्मा थरार जातो, असें माझें मत आहे.

खऱ्या अंतराळयानांत हातानें एकाच साधनावर क्वचितच भिस्त ठेविली. २० जुलै १९६९ रोजीं चंद्रावर उतरतांना खालीं दगडांनीं भरलेलें विवर दिसलें, तेव्हां आर्मस्ट्रॉंग यांनीं सूत्रें आपल्या हातीं घेतलीं. उजव्या हातांतील दांड्यानें ते यानाचा कल सांभाळीत होते आणि डाव्या हाताच्या एका छोट्या खिट्टीनें उतरण्याचा वेग बदलीत होते. एका टिचकीस सेकंदाला एक फूट. त्यांच्या हाताच्या व इंजिनाच्या मध्यें संगणक होताच. दांडा, कळ व स्वयंचलन या तिघांनीं मिळून तें यान उतरविलें. शुक्ला २०२५ च्या जूनमध्यें ज्या ड्रॅगन यानांतून गेले, त्यांत दांडे नाहींतच. पुढें स्पर्शानें चालणारे पडदे आहेत, आणि स्थानकाला भिडण्याचें काम सामान्यतः यान स्वतःच करतें. एकाच प्रबोधिनीच्या दोन विद्यार्थ्यांमध्यें ४१ वर्षांचें अंतर, आणि तेवढ्यांत दांडा गेला!

खेळांच्या जगांत मात्र तो टिकून आहे. २००३ च्या ‘फ्रीलान्सर’नें जॉयस्टिकला साफ नकार दिला आणि सारा खेळ माउसच्या टोंकावर बसविला, जिकडे खूण न्यावी तिकडे जहाज वळे. दांड्याचे भक्त रुसले, परंतु नवखे लोक घटकाभरांत उडूं लागले. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्यें यंत्राची मदत बंद करण्याचीही मुभा आहे. ती बंद केली कीं दिलेली गति उलट जोर लावीपर्यंत जात नाहीं. अशा वेळीं हलका जोर व भारी जोर यांतला फरक कळूं शकणारा दांडा हातीं असला तर जीव वांचतो.

तेव्हां नेम धरण्याचाच खेळ असेल तर पैसे खर्चूं नयेत; माउस व कळफलक पुरेसे आहेत. कुशीवर वळणें, जडत्व सांभाळणें यांतच ज्याला रस आहे त्यानें दांडा घ्यावा, परंतु मूल डावखुरें असल्यास आधीं मूठ पाहावी. पुष्कळ दांडे उजव्या पंजाच्या आकाराचेच घडविलेले असतात. खरेदीपूर्वीं एक फुकटचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. ड्रॅगन बनविणाऱ्या स्पेसएक्स कंपनीनें २०२० सालीं यान स्थानकाला भिडविण्याचा एक सराव-खेळ सर्वांस खुला केला. त्यांत माउस व कळा यांवरच काम भागतें, आणि भिडतांना वेग सेकंदाला ०.२ मीटरहून कमी असावा लागतो. एक टिचकी अधिक पडली तर उलट टिचकी मारावी लागते, आणि तीही वेळेवर.