पाणी तापविण्याचा विस्तव

इतिहास म्हटला म्हणजे तह आणि लढाया एवढेच आमच्या डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या विस्तवावर आमच्या आयांनी व आज्यांनी साऱ्या घराच्या स्नानाचे पाणी तापविले, त्यासही इतिहास आहे. आणि तो वाशिमकडील काळ्या जमिनीशी जडलेला आहे.

1853 साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजून तिकडील कापूस विलायतेस जाईनासा झाला, तेव्हा वऱ्हाडी कापसास भाव येऊन कपाशीचा पेरा वाढला. वेचणी आटोपली की उपटलेल्या पऱ्हाट्या घरी येत. जंगले राखीव झाल्यावर तर त्या, तुराट्या व गोवऱ्या हेच गरिबाचे सरपण ठरले.

पऱ्हाटी भडकन पेटते आणि लवकर विझते. म्हणून हंडा तापेपर्यंत बाईस चुलीपुढून हलता येत नसे. गोवरी धिमी जळते, पण धूर फार करते. जाणत्या स्त्रिया हंड्यास बाहेरून मातीचा लेप देत, म्हणजे काजळी सहज निघे. स्वयंपाकाच्या वेळी वैलावर पाण्याचे भांडे ठेवून वाया जाणारी आच त्या कामी लावीत, आणि रात्री निखारे राखेखाली झाकून पहाटे त्यांवरच जाळ करीत.

ऐपतीच्या घरी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत विस्तव व भोवती पाणी, यामुळे थोडक्या सरपणात पुष्कळ पाणी तापे. नियम एकच : आधी पाणी, मग विस्तव, कारण रिकामा बंब पेटविल्यास त्याचे सांधे सुटत.

या साऱ्या काटकसरीचे मोल स्त्रियांनी आपल्या डोळ्यांनी व छातीने दिले, हे आम्ही विसरू नये. बंद न्हाणीत निखाऱ्याची शेगडी ठेवणे तर प्राणघातकच. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो.

1998 साली वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. 2016 पासून उज्ज्वला योजनेने गरिबाघरीही गॅस पोहोचू लागला. तरीही गॅस स्वयंपाकापुरता राखून स्नानाचे पाणी अंगणातील चुलीवर तापविणारी घरे आहेतच. तो विस्तव पेटतो तोवर उघड्यावर पेटावा, आणि त्याच्यापुढे फुंकणी घेऊन बसण्याची पाळी घरातील पुरुषांनीही घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.