गुरुजींचा दंड

माझी आजी चाकणजवळच्या वाडीतली. तिच्या लहानपणी ‘देवी काढणारा’ गावात आला की बायका पोरं घेऊन शिवारात पळायच्या. तिच्या एका चुलतीनं तर तान्ह्याला रिकाम्या कणगीत ठेवून वर सूप झाकलं. बाळ रडलं नाही, कुणाला सापडलं नाही. दोन वर्षांनी त्याला देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. हे सांगताना आजी हातातलं काम थांबवायची.

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. १८९२च्या मुंबई जिल्हा लसीकरण कायद्यानं, जिथं तो लागू झाला तिथं, पोराला देवी काढून घेणं आईबापांवर सक्तीचं केलं. पाच वर्षांनी प्लेग आला. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले, माणसं उचलून नेली. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ला प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडवर गोळ्या झाडल्या त्या याच संतापातून. सरकार दारात आलं की पोर लपवायचं, हे आजीच्या आईच्या पिढीनं तेव्हा पाहून ठेवलं होतं.

आजोबांच्या घरी ही भीती गेली ती गुरुजींमुळे. आजोबांचं शाळेत नाव घालायला पणजोबांनी नेलं तेव्हा गुरुजींनी आधी स्वतःची बाही वर केली. दंडावर दोन गोल, खोलगट व्रण. “हात लावून बघा,” म्हणाले. पणजोबांनी खरंच बोट लावून पाहिलं! पुढं १९५५पासून पिंपरीच्या एचए कंपनीत पेनिसिलीन बनू लागलं, वाडीतली पोरं तिथं कामाला लागली आणि सुईचा धाक आणखी कमी झाला.

आता वाडीभोवती कारखाने आणि भाड्याच्या खोल्या. माझी वहिनी तिथल्या शाळेत पहिलीला शिकवते. पोराचं नाव घालायला आलेल्या परभणीकडच्या एका बाईनं तिच्यापुढं लसीकरणाचं कार्ड उलगडलं. घड्यांवर फाटलेलं, शाई फुटलेली; गोवराच्या रकान्यात तारीख आहे की डाग, कळेना. पाचव्या वर्षीच्या डीपीटी बूस्टरचा रकाना कोरा. वहिनीनं पोराचा डावा दंड पाहिला. बीसीजीचा व्रण होता.

अमेरिकेत राज्यांचे नियम लसीला शाळाप्रवेशाची अट करतात. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्यानं वयाचा दाखला नसला तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. लसीच्या कार्डासाठीही कुणी अडवू नये. चाकणमध्ये असं पोर दारातून परत पाठवलं तर खोली बदलल्यावर त्याला शोधणार कोण? शाळेच्या पटावर असलं तर ते सापडतं. २०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली, तेव्हा आधी लस घेतलेली असो वा नसो, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्यांना डोस द्यायचा होता. कार्ड हरवलेल्या पोरांना त्याचा केवढा आधार झाला असेल!

वहिनीनं नाव पटावर घेतलं, आशाताईंना फोन लावला आणि बाईला विचारलं, “कंपनीला सुट्टी कधी?”

“गुरुवारी.”

गुरुवारी आरोग्य केंद्रावर नर्सबाई असतात का, एवढंच विचारायचं उरलं होतं.