लाल सोनं, निळं सोनं

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेच्या काही बाटल्या अजून जपून ठेवल्या आहेत. आत माणकासारखं लाल पाणी. त्यात सोनं आहे, पण इतकं बारीक की फॅरेडेच्या काळच्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसेना. बाटलीतून प्रकाशझोत सोडला की त्याची वाट उजळायची; त्यावरून फॅरेडेने कण ओळखले आणि १८५७ साली ते जाहीर मांडले. याच पाण्यात थोडं मीठ पडलं की लाल रंग निळ्याकडे झुकायचा.

सोन्याने काच लाल करायची विद्या त्याहून कितीतरी जुनी. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक बाहेरच्या उजेडात हिरवा दिसतो, आतून उजेड आला की लाल. या रंगांचं गणित १९०८ साली गुस्ताव्ह मीने सोडवलं. मिठाचंही कोडं उलगडलं: कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, मीठ तो भार झाकतं, कण जवळ येतात आणि रंग बदलतो.

सोन्याच्या पातळ थरावर रेणू चिकटला की परावर्तित प्रकाशात फरक पडतो, हे ओळखून स्वीडनमधल्या लिंकशॉपिंगच्या संशोधकांनी १९८३ साली जैवसंवेदकाचा पाया घातला. १९९० मध्ये उप्सालाहून ‘बियाकोर’ हे यंत्र बाजारात आलं. रेणू जितका जड, तितका हा फरक मोठा. प्रतिपिंडाचा रेणुभार दीड लाखाच्या आसपास, तो सहज कळे. कोकेनचा जेमतेम ३०३! भुसारी दुकानातल्या काट्यावर गुंज तोलायला घ्यावी, तशी ही गत.

इथे फॅरेडेच्या बाटलीतल्यासारखे कण कामी आले. २००६ साली इलिनॉय विद्यापीठातल्या ज्युवेन लिऊ आणि यी लू यांनी सोन्याचे कण डीएनएच्या धाग्यांनी एकत्र बांधले. द्रव जांभळट झाला. धाग्यातला एक तुकडा कोकेन दिसताच त्याला कवटाळून दुमडणारा. तो दुमडला की गाठ सुटते, कण पांगतात, द्रव पाहता पाहता लाल होतो. रेणूचं वजन करायची गरजच उरली नाही. युक्ती खरी इथेच आहे.

२००८ साली चीनमध्ये बालकांच्या दुधात मेलामाइन या रसायनाची भेसळ सापडली. त्याचा रेणुभार फक्त १२६, पण ते सोन्याचे कण एकमेकांना जोडतं आणि लाल द्रव निळा होतो. पुढच्याच वर्षी डोळ्यांनी रंग पाहून करायची चाचणी प्रसिद्ध झाली. दूध मात्र थेट ओतून भागत नाही. आधी त्यातली प्रथिनं बाजूला काढावी लागतात, कारण ती कणांवर लपेटून बसतात. आणि नमुन्यात मीठ जास्त असलं, तर मेलामाइनचा मागमूस नसतानाही द्रव निळा पडतो.